वाचकांचे प्रश्न : आर्वेनची आई कोठे गेली?

मागील अंकात याच सदरात टॉल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील आर्वेन या एल्फ नायिकेविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना तिच्या आईचे, म्हणजे केलेब्रिअनचे, नाव केवळ एका वाक्यात आले होते. त्या एका वाक्यावर मराठवाड्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर तिच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून सारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी तिन्ही चित्रपट अनेकदा पाहिले आहेत. आर्वेनचे वडील दिसतात, आजी दिसते, परंतु आईचा पत्ता नाही. ती मरण पावली होती का? आणि ती इतकी महत्त्वाची असेल तर लेखकाने तिच्याविषयी इतके कमी का लिहिले? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : केलेब्रिअन मरण पावली नव्हती. कादंबरीतील मुख्य घटना घडतात त्यापूर्वी पाचशेहून अधिक वर्षे ती समुद्रापलीकडे, अमर अशा एल्फ लोकांच्या पश्चिमेकडील देशात, निघून गेली होती. लोथलोरियन या वनप्रदेशाची गॅलाड्रिएल आणि तिचा पती केलेबॉर्न यांची ती कन्या. आईकडून तिचा संबंध नोल्डोर एल्फांच्या राजघराण्याशी पोहोचतो, कारण गॅलाड्रिएल ही फिनार्फिनची मुलगी आणि फिन्वे राजाची नात होती. तिसऱ्या युगाच्या, म्हणजे या कथाविश्वातील कालगणनेच्या, १०९ व्या वर्षी रिव्हेन्डेलचा अधिपती एल्रॉन्ड याच्याशी तिचा विवाह झाला. पुढे एल्लाडान आणि एल्रोहिर हे जुळे मुलगे झाले आणि २४१ मध्ये आर्वेन जन्मली. २५०९ मध्ये, माहेरी लोथलोरियनला जात असताना, रेडहॉर्न खिंडीत ऑर्कांनी, म्हणजे दुष्ट शक्तींच्या क्रूर टोळ्यांनी, तिच्या लवाजम्यावर अचानक झडप घातली, सोबतच्या रक्षकांची पांगापांग झाली आणि तिला पकडून नेण्यात आले. मुलांनी पाठलाग करून तिची सुटका केली, परंतु तोवर तिचा छळ झाला होता आणि तिला विषारी जखम झाली होती. एल्रॉन्डने तिचे शरीर बरे केले, तरी मध्य-पृथ्वीवर राहण्याची गोडी तिला उरली नाही. पुढच्याच वर्षी ती बंदरावर गेली आणि तिने समुद्र ओलांडला.

लेखकाच्या हयातीत छापल्या गेलेल्या मजकुरात तिच्याविषयी जवळजवळ एवढेच आहे, आणि त्यातील बहुतेक भाग कादंबरीच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टांत आहे. तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. तरीही माझे मत असे आहे की तिला गौण ठरवणे योग्य नाही. या कथेत ती जे करते त्यापेक्षा तिच्या नसण्यामुळे जे घडते ते फार मोठे आहे, आणि लेखकाने ते कोठेही मोठ्याने सांगितलेले नाही. चित्रपटकर्त्यांनी तिला वगळले, याबद्दल त्यांना फारसा दोष देता येत नाही, कारण परिशिष्टांतील नोंदी पडद्यावर आणणे सोपे नसते.

प्रश्न : आमच्याकडे कन्नडच्या घाटात दरड कोसळली की चाळीसगावला जाण्यासाठी लांबचा वळसा घालावा लागतो, पण लोक वळसा घालतात. धोका असताना केलेब्रिअन त्याच खिंडीने का गेली? दुसरी वाट नव्हती का? आणि हा हल्ला निव्वळ योगायोग होता का? (एक शिक्षक, कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आलेल्या पत्रांपैकी हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देत आहे.

प्रथम भूगोल पाहू. रिव्हेन्डेल हे मिस्टी पर्वतरांगेच्या पश्चिमेला आहे आणि लोथलोरियन पूर्वेला. मधली रांग ओलांडल्याशिवाय एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाता येत नाही. रेडहॉर्न खिंड ही काराड्रास या शिखराच्या कडेने जाते आणि पलीकडे उतरली की लोथलोरियनचा मार्ग जवळ येतो. याच शिखरांच्या पोटात खझाद-दूम, म्हणजे मोरिया, ही ड्वार्फ या बुटक्या लोकांची प्राचीन नगरी होती आणि तिच्यातून डोंगराच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येत असे. लेखकाच्या एका अपूर्ण टिपणानुसार, दुसऱ्या युगात गॅलाड्रिएल आपल्या मुलीला घेऊन या नगरीतूनच पूर्वेकडे गेली होती. केलेबॉर्नने मात्र ड्वार्फांच्या दालनांत पाऊल ठेवण्यास नकार दिला आणि तो मागे राहिला. ते टिपण ग्राह्य धरले, तर केलेब्रिअनने डोंगराखालची वाट पूर्वी पाहिलेली होती.

ती वाट २५०९ मध्ये उरली नव्हती. तिसऱ्या युगाच्या १९८० मध्ये मोरियाच्या खोल खाणीत बॅलरॉग हा अग्निराक्षस जागा झाला, त्याने राजा सहावा ड्यूरिन याला मारले आणि पुढच्या वर्षी ड्वार्फ नगरी सोडून पळाले. दक्षिणेकडे रोहानच्या खिंडीतून जाणे म्हणजे शेकडो मैलांचा वळसा होता आणि तो प्रदेशही निर्वेध नव्हता. अगदी पुढच्याच वर्षी, २५१० मध्ये, ऑर्क आणि पूर्वेकडील टोळ्यांनी कालेनार्धोन, म्हणजे पुढे रोहान म्हणून ओळखला गेलेला प्रदेश, पादाक्रांत केला. उत्तरेला रिव्हेन्डेलच्या वरून जाणारी एक उंच खिंड होती, परंतु ती रांगेपलीकडे फार वरच्या अंगाला उतरते आणि तेथून नदीकाठाने खाली यावे लागते. तेव्हा रेडहॉर्न ही बेफिकिरीने निवडलेली वाट नव्हती. माहेरचा तो सर्वांत सरळ रस्ता होता आणि तिने तो आयुष्यात अनेकदा ओलांडला असणार, असे मानण्यास पूर्ण जागा आहे.

आता योगायोगाविषयी. परिशिष्टातील सनावळीत २५०९ ची नोंद एकटी वाचली तर ती वाटमारीसारखी वाटते. तिच्या वरच्या काही ओळी वाचल्या की चित्र बदलते. सुमारे चारशे वर्षे चाललेली सावध शांतता २४६० मध्ये संपली आणि कथेतील मुख्य शत्रू सॉरॉन अधिक बळ घेऊन डोल गुल्डूर या आपल्या गढीत परतला. सुमारे २४८० मध्ये ऑर्कांनी मिस्टी पर्वतांत गुप्त ठाणी उभारण्यास सुरुवात केली. त्यांचा हेतूही नोंदीत स्पष्ट सांगितला आहे : एरिआडोरकडे, म्हणजे पर्वतांच्या पश्चिमेकडील प्रदेशात, जाणाऱ्या सर्व खिंडी बंद करणे. त्याच सुमारास सॉरॉनने मोरियात आपली प्रजा वसवण्यास आरंभ केला. म्हणजे केलेब्रिअन खिंडीत शिरली तेव्हा तेथे जवळजवळ तीस वर्षांची पूर्वतयारी झालेली होती. तिला ओळखून तिच्यावरच नेम धरला गेला, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु रिव्हेन्डेल आणि लोथलोरियन या दोन आश्रयस्थानांमधील येणे-जाणे तोडणे हा त्या ठाण्यांचा उद्देशच होता आणि ती त्या येण्याजाण्याचा सर्वांत जिवंत दुवा होती. एका घराची मुलगी, दुसऱ्या घराची गृहिणी.

याच रांगेशी जोडलेली आणखी एक नोंद सहसा कोणी लक्षात घेत नाही. तिसऱ्या युगाच्या ३००९ मध्ये, बरोबर पाचशे वर्षांनी, आजोळी राहत असलेल्या आर्वेनला एल्रॉन्डने रिव्हेन्डेलला परत बोलावून घेतले, कारण पर्वत आणि पूर्वेकडील सर्व प्रदेश धोक्याचे होत चालले होते. सनावळीत त्या ओळीशेजारी केलेब्रिअनचे नाव नाही. ज्याने त्याच डोंगरात पत्नी गमावली आहे, त्या बापाच्या मनात मुलीला बोलावताना काय आले असेल, हे लेखकाने वाचकावर सोपवले आहे, आणि मला ते अतिशय योग्य वाटते.

प्रश्न : एल्रॉन्ड हा त्या काळातील सर्वांत मोठा वैद्य होता, असे सांगितले जाते. मग तो स्वतःच्या पत्नीला बरे करू शकला नाही, हे पटत नाही. विष उतरले नव्हते का? (एक परिचारिका, परभणी)

उत्तर : विष उतरले होते. मजकुरात शरीर बरे झाल्याचे स्पष्ट आहे, त्यामुळे वैद्यकी कमी पडली असे म्हणता येत नाही. शिवाय एल्रॉन्डच्या हाती विल्या ही जादूची अंगठी होती. एल्फांच्या तीन अंगठ्या युद्धासाठी किंवा संपत्तीसाठी घडवलेल्या नव्हत्या. समजून घेणे, निर्माण करणे, बरे करणे आणि सारे काही निर्मळ राखणे हे त्यांचे प्रयोजन होते. म्हणजे बरे करण्यासाठीच घडवलेले, त्या जातीतील सर्वांत समर्थ साधन तिच्या उशाशी होते आणि तरीही ती राहू शकली नाही.

लेखकाचा विचार येथे कसा चालतो हे पाहायचे असेल तर कादंबरीचा नायक फ्रोडो याच्याकडे पाहावे. ३०१८ च्या ६ ऑक्टोबर रोजी वेदरटॉप टेकडीवर त्याच्या खांद्यात मॉर्गुलचा, म्हणजे सॉरॉनच्या सेवकाचा, मंतरलेला सुरा शिरला. त्याच रिव्हेन्डेलमध्ये त्याच एल्रॉन्डने त्याचेही प्राण वाचवले. पुढे सॉरॉनची ती एकमेव अंगठी नष्ट झाली, युद्ध जिंकले गेले, आणि बरोबर वर्षाने, ६ ऑक्टोबरलाच, घरी परतताना ब्रुइनेन नदीच्या उतारावर त्याचा खांदा पुन्हा दुखू लागला. काही जखमा पूर्ण बऱ्या होत नाहीत, असे गॅन्डाल्फ हा जादूगार तेथे त्याला सांगतो. त्यानंतरच्या दोन्ही वर्षी मार्चमध्ये, शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या दंशाच्या तिथीला, तो आजारी पडत राहिला आणि ३०२१ च्या २९ सप्टेंबरला जहाजात बसला. फ्रोडोच्या वाट्याला जे आले त्याची पहिली आवृत्ती केलेब्रिअनच्या वाट्याला पाच शतके आधी येऊन गेली होती. फरक इतकाच की फ्रोडोच्या दुखण्याच्या तारखा लेखकाने मांडून ठेवल्या आहेत आणि तिच्या त्या एका वर्षाविषयी, म्हणजे सुटका झाल्यापासून जहाजात बसेपर्यंतच्या काळाविषयी, एकच वाक्य आहे.

आपण रुग्णांच्या सहवासात असल्यामुळे आपल्याला हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी की जखम भरणे आणि माणूस पूर्ववत होणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडतातच असे नाही. तिचे निघून जाणे हा हार मानण्याचा प्रकार होता, असे एका अन्य पत्रात लिहिले आहे. ते मला मान्य नाही. समुद्रापलीकडचा देश ही या कथाविश्वातील मृत्यूची दुसरी बाजू नाही. एल्फांना तेथे देहासह जाता येते आणि मध्य-पृथ्वीवर जे भरून येत नाही ते तेथे भरून येण्याची आशा असते. ती उपचारासाठी गेली, एवढेच म्हणावे.

प्रश्न : मग एल्रॉन्ड तिच्याबरोबर का गेला नाही? २४०० वर्षांचा संसार, आणि पत्नी एकटी समुद्रापार जाते? (गृहिणी, नांदेड)

उत्तर : आपल्या प्रश्नातील नाराजी अनेक पत्रांत होती. एल्रॉन्ड का थांबला, याचे कारण लेखकाने पती-पत्नींच्या संवादातून दिलेले नाही. त्याच्यावर काय काय सोपवलेले होते एवढे मात्र ठिकठिकाणी नोंदवले आहे. उत्तरेकडील मानवी राज्य १९७४ मध्ये बुडाले. त्यानंतर त्या राजघराण्यातील, म्हणजे इसिल्डूरच्या वंशातील, प्रत्येक सरदाराचा वारस रिव्हेन्डेलमध्ये वाढवला जात असे आणि त्या घराण्याच्या वंशपरंपरागत वस्तू तेथेच जपून ठेवल्या होत्या. २४६३ मध्ये सॉरॉनविरुद्धचे श्वेत मंडळ स्थापन झाले होते. विल्या घेऊन तो निघून गेला असता तर रिव्हेन्डेल टिकले नसते आणि ते वंशजही टिकले नसते. तो ५११ वर्षे मागे राहिला आणि अंगठीचे सामर्थ्य संपल्यावर पहिल्या संधीला निघाला. याला निष्ठुरपणा म्हणण्याचे धाडस मला होत नाही. तरी आपली नाराजी चुकीची आहे, असेही म्हणणार नाही.

आणि येथेच तिच्या नसण्याचा प्रभाव दिसतो. एल्लाडान आणि एल्रोहिर हे आईचा ऑर्कांच्या बिळांत झालेला छळ कधीही विसरले नाहीत आणि म्हणूनच उत्तरेच्या रेंजरांसह, म्हणजे त्याच मानवांच्या भटक्या रक्षकांसह, ते वारंवार दूरवर स्वारीला जात, असे कादंबरीच्या पहिल्या भागातच म्हटले आहे. आता २९३३ ची नोंद पाहावी. त्या वर्षी इसिल्डूरच्या वंशातील सरदार अराथॉर्न हा ऑर्कांवर चालून गेला तो एल्रॉन्डच्या या दोन मुलांबरोबर, आणि डोळ्यात बाण लागून तो ठार झाला. त्याचा दोन वर्षांचा मुलगा आईसह रिव्हेन्डेलला आणला गेला, एल्रॉन्डने त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले, आणि वीस वर्षांचा झाल्यावर त्या मुलाने, म्हणजे अरागॉर्नने, तेथेच आर्वेनला प्रथम पाहिले. खिंडीतील हल्ला, भावांची न शमलेली आग, अराथॉर्नचा मृत्यू, पितृहीन बालक, आणि ती भेट. लेखकाने हे दुवे एका ओळीत ठेवलेले नाहीत. ते मी ठेवले आहेत. परंतु प्रत्येक दुवा त्याच्या मजकुरात आहे.

प्रश्न : एका ठिकाणी केलेब्रिअनला अमरोथ नावाचा भाऊ होता असे वाचले, दुसरीकडे ती एकुलती एक असल्याचे वाचले. खरे काय? (ग्रंथपाल, धाराशिव)

उत्तर : दोन्ही लेखकाचेच आहे. टॉल्कीन यांचे निधन १९७३ मध्ये झाले, तेव्हा गॅलाड्रिएल आणि केलेबॉर्न यांची कथा त्यांनी अंतिम स्वरूपात बसवलेली नव्हती. त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी १९८० मध्ये ‘अनफिनिश्ड टेल्स’ हा ग्रंथ संपादित केला आणि त्यात ही टिपणे परस्परविरोधांसह छापली. त्यांपैकी एका टिपणात अमरोथ हा केलेब्रिअनचा भाऊ आहे. अन्यत्र तो अमदीर या लोथलोरियनच्या राजाचा मुलगा आहे आणि गॅलाड्रिएलशी त्याचे रक्ताचे नाते नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये तो तिचा भाऊ असल्याचे कोठेही म्हटलेले नसल्यामुळे मी दुसरा पर्याय मानतो.

आपल्या भागातील वाचकांना ही परिस्थिती अपरिचित नसावी. पैठणच्या एकनाथ महाराजांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात अपुरे राहिले आणि त्यांचे शिष्य गावबा यांनी ते पूर्ण केले. १९७७ मध्ये निघालेला ‘द सिल्मॅरिलियन’ हा ग्रंथ क्रिस्टोफर यांनी काहीसा त्या प्रकारे, सलग वाचता यावा असा सिद्ध केला. ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये मात्र त्यांनी सांधे बुजवले नाहीत. म्हणून तेथील माहिती देताना ‘एका टिपणानुसार’ असे म्हणणे आवश्यक ठरते. एल्रॉन्डने केलेब्रिअनला प्रथम पाहिले, त्याचे तिच्यावर प्रेम जडले, परंतु तो त्याविषयी काहीही बोलला नाही, हा सुंदर तपशीलही त्याच टिपणातला आहे. दुसऱ्या युगातील त्या भेटीपासून विवाहापर्यंत हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. एल्फांच्या मानानेही हा संकोच जरा जास्तच म्हणावा लागेल.

प्रश्न : आई आणि मुलीची पुन्हा भेट झाली का? (बीड व हिंगोली येथील अनेक वाचक)

उत्तर : नाही. एल्रॉन्डच्या मुलांना निवड करावी लागत असे : पित्याबरोबर पश्चिमेला जावे किंवा मानवांप्रमाणे मर्त्य व्हावे. ३०१९ मध्ये अरागॉर्नशी विवाह करून आर्वेनने दुसरा मार्ग स्वीकारला, आणि पतीच्या मृत्यूनंतर, चौथ्या युगाच्या १२१ व्या वर्षी, ओस पडलेल्या लोथलोरियनमध्ये तिने प्राण सोडला. ३०२१ च्या जहाजावर एल्रॉन्ड आणि गॅलाड्रिएल होते. पलीकडे केलेब्रिअनशी त्यांची भेट होण्याचा प्रसंग कादंबरीत नाही. कथा बंदरावरच थांबते. केलेबॉर्न काही काळ मागे राहिला आणि पुढे रिव्हेन्डेलमध्ये नातवांकडे राहायला गेला. त्या दोन मुलांनी शेवटी काय निवडले, हे कादंबरी सांगत नाही.

मात्र आईची एक वस्तू मुलीपर्यंत पोहोचली होती. ३०१९ च्या फेब्रुवारीत लोथलोरियनचा निरोप घेताना गॅलाड्रिएल अरागॉर्नला गरुडाच्या आकाराच्या चांदीच्या कोंदणातील हिरवा मणी देते आणि सांगते की तो तिने आपल्या मुलीला, केलेब्रिअनला, दिला होता आणि तिने तो आपल्या मुलीला दिला. त्या मण्यावरूनच अरागॉर्नला एलेस्सार हे नाव मिळाले आणि त्याच नावाने तो मानवांच्या गॉन्डोर राज्याच्या सिंहासनावर बसला. आजी, आई, मुलगी आणि मग जावई, असा तो प्रवास आहे.

प्रश्न : आमच्या वाचन मंडळात हा विषय घ्यायचा आहे. हजारभर पाने वाचण्यास सर्वांना वेळ नाही. नेमके काय वाचावे? (अंबाजोगाई)

उत्तर : पहिल्या खंडातील रिव्हेन्डेलच्या मेजवानीचे प्रकरण आणि लोथलोरियनच्या निरोपाचे प्रकरण, ही दोन सर्वांनी वाचावीत. त्यानंतर तिसऱ्या खंडाच्या शेवटचे पहिले परिशिष्ट, त्यातील उत्तरेच्या सरदारांचा भाग आणि अरागॉर्न व आर्वेन यांची कथा. आणि दुसऱ्या परिशिष्टातील तिसऱ्या युगाची सनावळी, विशेषतः २४६० ते २५१० या नोंदी, एकाने मोठ्याने वाचून दाखवाव्यात. ‘अनफिनिश्ड टेल्स’मधील गॅलाड्रिएल आणि केलेबॉर्न यांच्यावरील भाग शेवटी घ्यावा, कारण तो आधी वाचला तर सारी चर्चा अमरोथ कोणाचा मुलगा यातच अडकून पडेल.